थ्री-नॉट-थ्री : उजळावी की जपावी?

१/
खंडेनवमीला बीड जिल्ह्यात जी हत्यारे पाटावर येतात, त्यांत तलवारींपेक्षा कोयते अधिक असतात. सण उलटले की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्याआधी कोयता घासून, धार लावून, हळदकुंकू वाहून पूजला जातो. त्याच सुमारास पोलीस मुख्यालयांतही शस्त्रपूजन होते. हत्यार उजळ असावे, हा या मातीतला जुना संस्कार आहे.

२/
याच संस्काराने जुन्या रायफलीकडेही पाहिले जाते. कुठे शस्त्रागाराच्या कोपऱ्यात, कुठे संस्थेच्या कपाटात, कुठे संग्रहालयाच्या फडताळात पडलेली थ्री-नॉट-थ्री हाती लागते. नळीवर तांबूस गंज, दस्त्याला भेगा, पितळ काळवंडलेले. पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो हिला पुन्हा नव्यासारखी करण्याचा. काच कागद, बफिंगचे चाक, लाकडाचे पॉलिश आणि ब्रासो एवढे साहित्य पुरते. दोन दिवसांत रायफल झळकू लागते.

३/
त्या दोन दिवसांत काय पुसले जाते, हा या धाग्याचा विषय. त्यातील भूमिका आरंभीच सांगितलेली बरी : सेवेतून निवृत्त झालेली लष्करी रायफल जपावी, उजळू नये. तिचा नाश थांबवावा, पण तिचे वय लपवू नये. बीडसारख्या जिल्ह्यात तर हे अधिकच खरे. तेथील विसाव्या शतकाचा बराचसा इतिहास दप्तरांपेक्षा माणसांच्या आठवणींत राहिला, आणि ती माणसे आता एकेक करून जात आहेत.

४/
तीन शब्दांची येथे नेहमी गल्लत होते. धूळ, घाम, जुने चिकट तेल काढणे ही स्वच्छता. गंज पुढे सरकू न देणे, लाकूड किडू न देणे हे जतन. गंजाने खाल्लेला पृष्ठभाग घासून सपाट करणे, नवा मुलामा चढवणे, तुटलेले भाग बदलून वस्तू जणू कालच कारखान्यातून आली अशी करणे हे नूतनीकरण. पहिल्या दोहोंबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिसऱ्याबद्दल.

५/
आधी रायफलीची ओळख. .३०३ हा नळीच्या व्यासाचा इंचांतील आकडा, मिलिमीटरमध्ये ७.७. अधिकृत नाव शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड. ‘ली’ म्हणजे तिच्या बोल्टची मूळ रचना करणारे जेम्स पॅरिस ली. ‘एन्फिल्ड’ म्हणजे लंडनच्या उत्तरेकडील सरकारी शस्त्रकारखान्याचे ठिकाण. १८५७ च्या काडतुसांच्या प्रकरणातली ‘एन्फिल्ड’ याच ठिकाणच्या नावाची. मार्क थ्री हा गाजलेला नमुना १९०७ चा. वजन सुमारे चार किलो. मॅगझिनमध्ये दहा काडतुसे, पाच-पाचच्या पट्टीने भरायची.

६/
भारतात ती कोलकात्याजवळ हुगळीकाठच्या इशापूर येथील रायफल कारखान्यात बनू लागली. हा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभीचा. दोन महायुद्धे, १९४७-४८ चे काश्मीर, १९६२ चे चीन युद्ध, इतक्या ठिकाणी भारतीय जवानाच्या खांद्यावर हीच होती. पुढे सैन्यातून ती पोलिसांकडे, पोलिसांकडून गृहरक्षक दलाकडे आणि कवायतीसाठी एनसीसीकडे आली. कितीतरी तरुणांच्या खांद्यांनी तिचे वजन प्रथम कॉलेजच्या मैदानावर ओळखले.

७/
२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींसमोर उभ्या राहिलेल्या पोलिसांकडे याच जुन्या बनावटीच्या रायफली होत्या. म्हणजे १९०७ चा नमुना १०१ वर्षांनंतरही कामावर होता. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला निरोप दिला. इतका दीर्घ सेवाकाळ लाभलेले हत्यार म्हणजे नुसते यंत्र नव्हे. तिच्या अंगावर नोंदी साठत गेलेल्या असतात.

८/
या नोंदी अक्षरशः वाचता येतात. दस्ता आणि यंत्रणा जेथे जुळतात, त्या पोलादी पट्ट्याच्या उजव्या बाजूस ठसे असतात : राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष, नमुना. इंग्लंडमध्ये बनलेल्या रायफलीवर पाचव्या जॉर्जची ‘जी आर’ ही अक्षरे. इशापूरच्या रायफलीवर त्यांना ‘आय’ जोडलेले, म्हणजे ‘सम्राट’. एका अक्षरात साम्राज्याची कल्पना कोरलेली आहे. स्वातंत्र्यानंतरच्या इशापुरी रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

९/
जुन्या मार्क थ्रीच्या दस्त्यात एक लहान पितळी चकती बसवलेली असे. तिच्यावर पलटणीची अक्षरे आणि रायफलीचा क्रमांक कोरला जाई. पहिल्या महायुद्धात उत्पादनाची घाई झाली, तेव्हा ही चकती, दूर पल्ल्याच्या सामुदायिक माऱ्याची बाजूची नेमपट्टी आणि मॅगझिन बंद करणारी पट्टी असे भाग कमी करण्यात आले. कोणता भाग आहे आणि कोणता नाही, एवढ्यावरूनही रायफलीचा काळ अदमासता येतो.

१०/
आता बफिंगचे चाक या ठशांवरून फिरले तर? ठसे पोलादात फार खोल नसतात. एका दुपारच्या घासणीत मुकुट पुसट होतो, वर्षाचा शेवटचा अंक जातो, क्रमांकाच्या कडा विरतात. चकतीवर रोज ब्रासो चोळला तर काही वर्षांत पलटणीचे नाव गुळगुळीत होते. रायफल सुंदर दिसते, पण ती कोठली, कधीची, कोणाची हे सांगणारी एकमेव जागा मुकी झालेली असते.

११/
बीड जिल्ह्याचा या कथेशी संबंध काय, असा प्रश्न येईल. उत्तर अंबाजोगाईत आहे. निजामी राजवटीत या गावाचे नाव मोमिनाबाद. एकोणिसाव्या शतकात तेथे हैदराबाद काँटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. निजामाच्या पैशावर पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची ही फौज. १९०३ मध्ये ती भारतीय सैन्यात विलीन झाली, आणि तिच्या एका घोडदळ पथकाचे नाव झाले २० वे डेक्कन हॉर्स.

१२/
१४ जुलै १९१६. फ्रान्समधील सोमची लढाई. हाय वूड नावाच्या रानाच्या कडेला डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले रोखून जर्मनांवर चाल केली. या पथकात शीख आणि जाट होते, तसेच दख्खनी मुसलमानही होते. स्वारांजवळ भाल्याबरोबर .३०३ रायफलही असे. भारतीय फौज १९१४ मध्ये मार्सेय बंदरात उतरली, तेव्हा पुष्कळ पलटणींना जुन्या रायफली जमा करून या नव्या नमुन्याच्या रायफली घ्याव्या लागल्या होत्या. हाती पडल्यावर थोड्याच दिवसांत खंदकात.

१३/
भारतीय शिपायाच्या हाती एक पिढी जुने शस्त्र देण्याची रीत १८५७ नंतरची. उठावाच्या धास्तीने भारतीय पलटणींना पीळदार खाचा नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या. नळीत पीळ नसला की गोळी फिरत जात नाही, नेम लांबवर टिकत नाही. दिसायला बंदूक तीच, पण पल्ला कापलेला. अविश्वास येथे शब्दांत लिहिलेला नाही. तो नळीच्या आत आहे.

१४/
हीच कल्पना विसाव्या शतकात .३०३ वर पुन्हा वापरली गेली. इशापूर येथे अनेक ली-एन्फिल्ड रायफली .४१० मापाच्या मस्केटमध्ये बदलण्यात आल्या. नळी गुळगुळीत, मॅगझिनच्या पोकळीत लाकडी ठोकळा, एका वेळी एकच काडतूस. तुरुंगाचे पहारेकरी आणि पोलीस यांच्यासाठी हे शस्त्र. जमावावर चालवायचे, आणि हिसकावले गेले तरी लष्करी रायफलीची बरोबरी करू न शकणारे.

१५/
अशी मस्केट आज कोणाच्या हाती लागली आणि त्याने ‘मूळ रूप’ आणायचे म्हणून लाकडी ठोकळा काढून फेकला, मॅगझिन बसवले, तर काय होईल? जी वस्तू राज्यकर्त्याच्या मनातील भीतीचा पुरावा होती, ती एक साधी, अपूर्ण .३०३ होऊन बसेल. दुरुस्ती करणाऱ्याला वाटेल, दोष काढला. प्रत्यक्षात त्याने तो दस्तऐवजच फाडलेला असेल.

१६/
तांब्याच्या तारेचे वेढे दिलेल्या रायफलींचेही तेच. नळीच्या पुढच्या भागावर घट्ट तार गुंडाळलेली दिसली की नवख्या माणसाला ती गावठी डागडुजी वाटते. वस्तुतः हातबॉम्ब फेकण्यासाठी नेमलेल्या रायफलींना हे वेढे मुद्दाम दिले जात; नळी फाटली तर शिपायाचा हात वाचावा म्हणून. कवायतीच्या रायफलीच्या नळीला पाडलेले भोक, तिच्यावर रंगवलेला पट्टा, ‘डीपी’ ही अक्षरे यांनाही असाच अर्थ आहे.

१७/
नूतनीकरणाच्या बाजूने सर्वांत जोरकस वाटणारा शब्द म्हणजे ‘मूळ’. पण मूळ कोणते? समजा, एक रायफल १९१७ साली इशापूरला बनली, महायुद्धानंतर सरकारी शस्त्रशाळेत संपूर्ण दुरुस्त झाली, तिचा पुढचा लाकडी भाग बदलला, पोलादावर काळा रंग चढला, पुढे पोलिसांकडे गेली. तिला कोणत्या वर्षाकडे परत न्यायचे? १९१७ निवडले तर पुढची सारी सेवा खोटी ठरते. कोणतेही एक साल निवडणे म्हणजे बाकीची साले खोडणे.

१८/
बीडसाठी जे साल सर्वांत मोलाचे, ते १९४८. त्याआधी एका दशकापूर्वी स्वामी रामानंद तीर्थ मोमिनाबादच्या योगेश्वरी शाळेत मुले घडवत होते. तेथून ते स्टेट काँग्रेसच्या लढ्यात गेले. १९४७-४८ मध्ये नगर आणि सोलापूर जिल्ह्यांच्या हद्दीत लढ्याची शिबिरे उभी राहिली. तेथील तरुण सीमा ओलांडून येत, करोडगिरी नाक्यांवर हल्ले करत. त्यांच्याजवळ शस्त्रे थोडी, तीही नाना ठिकाणांहून मिळवलेली.

१९/
समोर निजामाची फौज, पोलीस आणि लातूरचा वकील कासिम रझवी याच्या नेतृत्वाखालचे रझाकार. स्वतंत्र भारताकडून शस्त्रपुरवठा थांबल्यावर सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीमार्गे विमानांतून हैदराबादेत शस्त्रे उतरवली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ तारखेला निजामाने शरणागतीची घोषणा केली. पुढच्या काळात सक्तीने, स्वेच्छेने किंवा गुपचूप कितीतरी बंदुकांचे मालक बदलले.

२०/
या दिवसांना दुसरी बाजूही आहे. रझाकारांच्या जुलमाच्या आठवणी मराठवाड्यातील गावांत आजही सांगितल्या जातात. त्याचबरोबर पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत मुस्लिम वस्त्यांवर जी हिंसा झाली, तिची पाहणी केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली. म्हणून १९४८ ची रायफल दाखवली जाते, तेव्हा ती कोणाच्या हातात होती हा प्रश्न सजावटीचा राहत नाही. एकाच रायफलीने दोन्ही बाजू पाहिलेल्या असू शकतात.

२१/
अशा वेळी रायफलीचे अंगच साक्ष देते. ‘ही मुक्तिसंग्रामातली’ असे अभिमानाने सांगितले जाते. पण ठसा पाहावा तर साल १९६० च्या दशकातले, मॅगझिन चौकोनी ठेवणीचे, माप ७.६२ मिलिमीटर. म्हणजे ती स्वातंत्र्यानंतर इशापूरने त्याच रचनेवर बनवलेली रायफल. ती १९४८ मध्ये असूच शकत नाही. उलट एखाद्या दुर्लक्षित रायफलीवर त्या काळाशी जुळणारे ठसे सापडतात आणि घरच्या आठवणीला आधार मिळतो.

२२/
ठसे घासून गेले की या दोन्ही गोष्टी अशक्य होतात. खोटी दंतकथा खोडता येत नाही आणि खरी आठवण सिद्ध करता येत नाही. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव २०२३ मध्ये झाला. त्या लढ्यात ऐन विशीत असलेली माणसे आज शंभरीच्या आसपास आहेत. ती गेल्यावर प्रश्न विचारायला वस्तूच उरणार. त्या आधीच मुक्या करून ठेवणे ही पुढच्या अभ्यासकाची फसवणूक आहे.

२३/
दुसऱ्या बाजूचे म्हणणे मात्र न्यायाने ऐकले पाहिजे. पहिला आक्षेप शिस्तीचा : सैनिक रायफल आरशासारखी ठेवतो, घाणेरड्या रायफलीबद्दल त्याला शिक्षा होते, मग तिला गंजलेली ठेवणे हा त्याचा अपमान नव्हे का? यातील भावना खरी आहे. पण शिपाई काय करी ते नीट पाहावे. दस्त्याच्या टोकाला पितळी झाकणाआड तेलाची कुपी आणि वजन बांधलेली दोरी असे. दोरीला चिंधी लावून तो नळी ओढून काढी.

२४/
त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे गोळी झाडल्यावर नळीत क्षार उरत, म्हणून शिपाई उकळते पाणीही ओतत. मग कोरडी चिंधी, मग तेल. लाकडाला जवसाचे तेल. काच कागदाने पोलाद घासण्याची त्याला मुभा नव्हती. ठसे पुसणे तर गुन्हाच. म्हणजे शिपायाची शिस्त स्वच्छतेची आणि जतनाची होती. त्याचा मान राखायचा तर त्याच्याच मर्यादेत राहावे.

२५/
दुसरा आक्षेप संख्येचा : या घराण्याच्या रायफली जगात एक कोटीहून अधिक बनल्या, त्यांतील एक चमकवली तर इतिहासाचे काय बिघडते? नमुना म्हणून काहीच नाही. पण जनगणनेत माणसे कोट्यवधी असतात म्हणून एकाचे चरित्र अनावश्यक ठरत नाही. इशापूरहून निघून बीडपर्यंत पोचलेल्या त्या एका रायफलीचा प्रवास दुसऱ्या कोणत्याही रायफलीवर लिहिलेला नाही.

२६/
तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी : गंजलेले लोखंड पाहायला मुले थांबत नाहीत. हे खरे आहे, आणि त्याची सोयही आहे. १९१७ साली ही कशी दिसे ते दाखवायचे असेल तर सुताराकडून लाकडी प्रतिकृती करून घ्यावी. तिला हवे तेवढे पॉलिश द्यावे, मुलांच्या हाती द्यावी. शेजारी काचेआड खरी रायफल ठेवावी. दोहोंतील फरक हाच मुलांसाठी पहिला धडा होईल.

२७/
कायद्याची बाजूही जतनाकडेच झुकते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे गुन्हा आहे, आणि .३०३ तर निषिद्ध मापांत मोडते. कलम ४५ मध्ये जुनाट बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे; पण अट अशी की ते दुरुस्तीनेही अग्निशस्त्र म्हणून चालता कामा नये. म्हणजे हौसेने यंत्रणा ‘चालू’ करणारा माणूस इतिहास तर बिघडवतोच, वर स्वतःला गुन्ह्याच्या दारात नेतो.

२८/
म्हणून जुनी रायफल सापडली तर पहिले पाऊल एकच : तिला हात न लावणे. ती भरलेली असू शकते; ठासणीच्या जुन्या बंदुकांत तर पिढ्यान्‌पिढ्या दारू तशीच राहिल्याची उदाहरणे आहेत. पोलीस ठाण्याला कळवावे, तपासणी जाणत्या माणसाकडूनच करवावी. मग रीतसर परवानगीने ती संग्रहालयाकडे किंवा अधिकृत संस्थेकडे जावी. नळी कापून, वितळजोड मारून निकामी करण्यापेक्षा बोल्ट वेगळा काढून कुलपात ठेवण्याची मुभा मिळत असेल, तर ती वाट चांगली. ती परत फिरवता येते.

२९/
दुसरे पाऊल नोंदीचे. साफसफाईच्या आधी प्रत्येक ठशाचे तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे. समोरून टाकलेल्या प्रकाशात पुसट अक्षरे दिसत नाहीत. बोल्ट, नळी, यंत्रणा यांवरचे क्रमांक जुळतात का ते लिहावे. दस्त्यावर कोणी नाव, खूण, खाच कोरली असेल तर तिचे माप घ्यावे. पितळी झाकण हलक्या हाताने उघडून आत काय आहे ते पाहावे. आणि जिच्याकडे ती होती, त्या घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे.

३०/
तिसरे पाऊल गंजाचे. गंज दोन प्रकारचा. बोटाला भुकटी लागते तो नारिंगी गंज जिवंत. तो रोज पोलाद खातो. घट्ट बसलेला गडद तपकिरी थर मात्र बहुधा स्थिर असतो. पहिला थांबवायचा, दुसरा राहू द्यायचा. थोडे हलके तेल, मऊ कापड, लाकडाची किंवा बांबूची बोथट कामटी एवढे पुष्कळदा पुरते. आम्ल, वाळूचा मारा, फिरते चाक यांना येथे जागा नाही. ठशांच्या आसपासचे काम तर जाणकारांवरच सोपवावे.

३१/
लाकडाला जवसाचे तेल द्यावे का? शिपाई देई, कारण रायफल पावसाचिखलात जायची होती. संग्रहातील लाकडावर तेच तेल वर्षानुवर्षे चोळले तर ते काळपट होते, धूळ धरते आणि घट्ट बसले की निघत नाही. म्हणून आज संवर्धक सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात देतात. ते लाकूड-पोलाद दोहोंना चालते आणि गरज पडल्यास काढता येते. लावलेले पुन्हा काढता येते का, ही कसोटी येथे सर्वत्र लावावी.

३२/
ठेवण्याची जागा. बीडचा उन्हाळा लाकूड सुकवतो, पावसाळा पोलाद गंजवतो. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहील अशी पेटी हवी. चामड्याचा पट्टा काढून वेगळा ठेवावा, कारण चामड्यातील आम्ले आणि ओल धातूला मारक असतात. कापडात घट्ट गुंडाळू नये. हाताळताना हातमोजे असावेत. घामातील मिठाने बोटाचा ठसा पोलादावर कायमचा उमटतो. लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील संवर्धन केंद्र ही या कामातील जाणती ठिकाणे.

३३/
नूतनीकरण सर्वथा निषिद्ध का? नाही. तुटलेला तुकडा पडून हरवणार असेल तर जोडावा. नसलेला स्क्रू बसवल्याशिवाय रायफल उभी राहत नसेल तर बसवावा. पण नवा भाग नवाच दिसला पाहिजे, आणि कोणत्या साली, कोणी, का बसवला ते नोंदवहीत लिहिले पाहिजे. लपवलेली दुरुस्ती आणि बनावट कागद यांत फार अंतर नसते.

३४/
खरी अडचण साधनांची नाही, दृष्टीची आहे. बीड जिल्ह्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. त्या लढाईतली तलवार कोणी दाखवली तर सारे हात जोडतील. रायफल मात्र अजून ‘जुना माल’ वाटते, कारण ती कालपरवापर्यंत हवालदाराच्या खांद्यावर होती. जवळचा इतिहास इतिहास वाटत नाही, आणि म्हणूनच तो सर्वांत आधी भंगारात जातो.

३५/
गावोगावच्या हेमाडपंती मंदिरांना ऑइल पेंट फासला गेला, तो श्रद्धेपोटीच. रंगाखाली शिल्पाच्या रेषा बुजल्या, शिलालेखांची अक्षरे भरून गेली. आता ते थर काढताना दगडाची सालही निघते. तेथे झालेली चूक नव्या पिढीला दिसते, ती त्याबद्दल हळहळते. तीच पिढी रायफलीला टचवूड लावताना थांबली, तर त्या हळहळीचा काही उपयोग झाला असे म्हणता येईल.

३६/
तरीही खंडेनवमीला तिची पूजा करावीशी वाटली तर? जरूर करावी. ओले हळदकुंकू पोलादावर लावू नये, नारळाचे पाणी शिंपडू नये. ओल धरून तेथेच गंज सुरू होतो. फूल आणि अक्षता पेटीपुढच्या पाटावर वाहाव्यात. देवघरातल्या जुन्या पोथीवर कोणी पाणी शिंपडत नाही. तीही हात जोडूनच पूजली जाते.

३७/
आणि शेवटी पुन्हा कोयता. ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. चाळीस हंगाम राबलेल्या आजीचा कोयता पाहावा : धार लावून लावून पाते निम्मे झालेले, मुठीवर बोटांचे खळगे. हंगामात होता तोवर त्याला धार हवीच होती. आजी थकल्यावर नातवाने त्याला नवे पाते आणि नवी मूठ बसवली, तर घरात एक चांगला कोयता येईल. पण आजीचे चाळीस हंगाम भिंतीवरून उतरतील.

३८/
थ्री-नॉट-थ्रीचा हंगामही आता संपला आहे. तिच्या दस्त्यावरचा खळगा कोणा अनाम शिपायाच्या गालाने आणि खांद्याने झिजवलेला आहे. त्याचे नाव कोणत्याही स्मारकावर असेलच असे नाही. तो खळगा काच कागदाने सपाट करू नये.

#मराठीधागा #इतिहास #बीड #मराठवाडा #वारसाजतन